दोनशे विजा आणि वाटीभर चिंचोके

'फायनल फँटसी टेन' या व्हिडिओ गेममध्ये शत्रूवर वीज टाकायचा स्वस्त उपाय म्हणजे इलेक्ट्रो मार्बल. यलो एलिमेंट या राक्षसाकडून चोरायचा आणि 'यूज' कमांडनं फेकायचा. ही कमांड मुळात नायकाच्या टोळीतल्या रिक्कूची. गंमत अशी की अख्ख्या टोळीत विजेला घाबरणारी तीच! लहानपणी तिच्या भावानं राक्षसावर सोडलेला थंडर हा विजेचा मंत्र नेम चुकून तिलाच लागला होता. थंडर प्लेन्स या सतत विजा पडणाऱ्या मैदानात बाई अक्षरशः रडकुंडीला येते.

मी चार मार्बल खर्चून चिलखताला विजेचा मार कमी करणारा लाइटनिंग वॉर्ड लावला आणि वाटलं, आता इथल्या विजांचं काय भय? पण तो लढाईपुरताच. मैदानात वीज बसली की नायक टीडस आडवा आणि मोजणी पुन्हा शून्यावर. टोळीतल्या लुलूच्या ओनियन नाइट या शस्त्राची पूर्ण ताकद काढायला व्हीनस सिजिल नावाचं चिन्ह हवं, आणि त्यासाठी सलग 200 विजा चुकवायच्या.

करायचं एवढंच, स्क्रीन पांढरी झाली की एक्स दाबायचं. पहिल्या रात्री मी नऊच्या पुढे गेलो नाही. बोटांना शिव्या घालून झाल्या, मग कळलं की आमचा नवा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो. गेम मोड लावला आणि त्याच रात्री चाळीस झाल्या. दक्षिणेकडच्या भागात एक लहान खड्डा आहे; पळत त्यात शिरून बाहेर आलं की हुकमी वीज पडते. तो सापडल्यावर वाट बघणं संपलं. 'नो एन्काउंटर्स'चं चिलखतही घातलं, नाहीतर ऐन रंगात राक्षस येऊन ताल मोडतात.

राहिली मोजणी. स्क्रीनवर आकडा दिसत नाही आणि मी साठाच्या आसपास हमखास चुकतो. आजी शेजारी जप करत बसली होती. म्हटलं, "आजी, तुझी माळ दे ना, एक माळ आणि वर 92."

"देवाच्या माळेवर तुझ्या विजा मोजायच्या? खुळा की काय!" म्हणाली, पण उठून चिंचोक्यांचा डबा घेऊन आली. मी वीज चुकवली की ती एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायची. 163 वर इंदूरच्या खऱ्या आभाळात कडकडलं आणि आमच्या गल्लीतली लाइट गेली. मी अंधारात गादीवर आडवा झालो. आजी शांतपणे म्हणाली, "वाट्या तशाच ठेवू का रिकाम्या करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, आभाळ निरभ्र बघून, पुन्हा बसलो. दीडशेनंतर दोघंही बोललो नाही. घोळ नको म्हणून थोड्या जास्तच चुकवल्या, मग मैदानातल्या रिनच्या प्रवासी एजन्सीबाहेरच्या बक्षिसाच्या पेटीशी गेलो. सिजिल निघालं!

आजीनं चिंचोके मोजत डब्यात भरले. 207 झाले. "सात फुकट खेळलास," म्हणाली.