जिथे शूटिंग, तिथेच पडदा

दांडिया बाजारात आमच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, मुंजी, लग्नं, गणपतीत मंडळांच्या मिरवणुका, असा सगळा धंदा. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा व्हीएचएस कॅसेटचा जमाना सरत आला होता. पुढे मिनी डीव्ही आलं, मग डीएसएलआर, आणि मग प्रत्येकाच्या खिशातच कॅमेरा आला. स्टुडिओत नुसतं फोटो काढायला येणारं गिऱ्हाईक आटलं. लग्नांवर तग धरला, पण इथल्या लग्नाच्या धंद्याला दोन मोठी भगदाडं आहेत: चातुर्मास आणि कमूर्ता. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजराती गिऱ्हाईक लग्नाचं नावसुद्धा काढत नाही. कॅमेरे कपाटात आणि हाताखालची पोरं पगारावर! मुलांना फिल्म करायला शिकवणाऱ्या आमच्या कार्यशाळा समाजसेवेच्या तळमळीतून जन्मल्या असं कोणी छापलं तर आम्ही हरकत घेणार नाही, पण खरं कारण हे.

पहिली बॅच भरली ती ओळखीच्यांच्या वाड्यातल्या चौकात. मुलं साधारण बारा ते अठरा वयाची, निम्मी मराठी, निम्मी शेजारच्या पोळीतली (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली) गुजराती. पहिल्याच संध्याकाळी एका वडिलांनी विचारलं, "वहिनी, मोठा कॅमेरा कधी देणार हातात?" मोठा कॅमेरा आम्ही आजही देत नाही. घरातला फोन, आमचा एक ट्रायपॉड, एक कॉलर माइक आणि रिफ्लेक्टर म्हणून थर्मोकोलचा पत्रा, एवढ्यावर सगळं भागतं. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा माइक. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं ऐकू आलं नाही की शेजारच्याशी गप्पा सुरू करतात. पोळीत आवाजाचा ताप फार. कबुतरं, स्कूटर, कुकर, आणि वरच्या मजल्यावर नेमकं टेकच्या वेळी चटणीचं मिक्सर. "काकू, दोन मिनिटं मिक्सर थांबवता का?" हे वर जाऊन नीट विचारता येणं हीसुद्धा आमच्याकडे शिकवण्याची गोष्ट आहे. जी मुलगी हे काम हसत करते ती पुढे प्रॉडक्शन उत्तम सांभाळते, असा माझा अनुभव.

दुसरा नियम रेडीमेड गाणं न लावण्याचा. सिनेमातलं गाणं टाकलं की यूट्यूब ते लगेच ओळखतं आणि मालक हक्क सांगतो, ही झाली व्यवहाराची बाजू. माझी खरी तक्रार निराळी. गाणं टाकलं की मुलं विचार करायचं थांबवतात. दुःखाचा प्रसंग आला की बासरी!

आमचा सगळ्यात आवडता धडा फाळक्यांकडून घेतलेला. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे इथल्या मुलांना बहुधा माहीत नसतं. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेली ही संस्था, प्राचार्य गज्जर. आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे 1912 च्या सुमारास, पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा वाढतो याचं दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करून एक छोटा चित्रपट बनवला. रोप डोळ्यांदेखत वाढताना पाहून पैसे लावणारे तयार झाले. धंदेवाईक माणूस म्हणून मला या गोष्टीचं कौतुक जास्त. आधी नमुना दाखवला, मग पैसे मागितले.

आमची मुलं वाटाण्याऐवजी मूग घेतात, कारण मूग लवकर मोड काढतो. हिशेब फळ्यावर मांडतो. पडद्यावर सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे दहा सेकंदांसाठी 250 फोटो. पाच मिनिटांनी एक काढला तर जवळजवळ 21 तास. इथे खरी शाळा सुरू होते. उजेड बदलला तर चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकी बंद आणि टेबललॅम्प रात्रभर चालू. एका मुलाचं घर एका खोलीचं. रात्रभर दिवा म्हणजे सगळ्यांची झोप उडणार. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात वाटी, दिवा आणि फोन बसवून वर काळी चादर टाकली. फोन आईचा. फ्लाइट मोडवर टाकायला तो विसरला आणि पहाटे मावशीचा फोन आला. थरथरीने फोन जरासा सरकला, त्यामुळे त्याच्या फिल्ममध्ये एका ठिकाणी मूग टुणकन उडी मारतो. मुलांना सगळ्यात जास्त हसू तिथेच आलं आणि त्याने तो शॉट काढून टाकायला साफ नकार दिला. बरोबर केलं.

ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे का येतात, हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून शटरचा वेग सेकंदाचा 1/50 किंवा 1/100 ठेवायचा. एकदा स्वतःची फिल्म पट्ट्यापट्ट्यांची झाली की हे जन्मभर विसरत नाहीत.

पण आम्ही टिकलो ते शेवटच्या दिवसामुळे. ज्या पोळीत शूट केलं तिथेच फिल्म दाखवायची, हे पहिल्या बॅचपासून ठरलेलं. मंगळबाजारातून आणलेलं पांढरं कापड, भाड्याचा प्रोजेक्टर आणि गणपती मंडळाचे स्पीकर. अंधार पडला की ओटल्यांवर, जिन्यावर माणसं बसतात. पडद्यावर दिसणारी माणसं समोरच बसलेली असतात आणि ती कोणाचीही भीड ठेवत नाहीत. तीन मुलांनी शेव उसळच्या लारीवर फिल्म केली होती. लारीवाले भाई पुढच्या रांगेत. पडद्यावर ते वाटीत उसळ घेतात, वर तरी ओततात, शेव आणि हिरवा कांदा घालतात. पुढच्या क्लोजमध्ये वाटीत कांदाच नाही. भाई बसल्या जागेवरून ओरडले, "अल्या, डुंगळी तो पहेलां हती, हवे क्यां गई?" (अरे, कांदा तर आधी होता, आता कुठे गेला?) सगळी पोळ हसली. कंटिन्युइटीवर, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळवण्यावर, मी तासभर बोलते तेव्हा मुलं जांभया देतात. त्या रात्रीनंतर त्याच तिघांनी प्रत्येक शॉटआधी फोटो काढून ठेवायला सुरुवात केली.

लोकांच्या दारात पडदा लावायची ही कल्पना आमची एकट्याची नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली. त्या वाचनालय खात्याची एक शाखा गावोगाव मॅजिक लँटर्न आणि सिनेमा दाखवत फिरायची, फुकट. शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात जे चालायचं, त्याची आम्ही शेपटी धरली आहे, एवढंच.

शाळांमधल्या कार्यशाळांचा अनुभव मिळमिळीत. एका शाळेत मुलांनी गळणाऱ्या पाण्याच्या टाकीवर छान फिल्म केली, तर प्रदर्शन रद्द. "प्रमाणपत्रं वाटा, ग्रुप फोटो काढा, पुरे." पैसेही रखडत आले. ती फिल्म मग मुलांनी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाखवली. तेव्हापासून करारात ओळ आहे: शेवटचा दिवस प्रदर्शनाचा, तो वगळता येणार नाही. ही ओळ वाचून दोन-चार शाळांनी नाद सोडला. सोडू देत.

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर जी मुलं आली ती फोन उभा धरूनच आली. आधी मी चिडायची. आता उभी चौकट त्यांना वापरू देते. पोळीतला अरुंद जिना, उंच घरं उभ्या चौकटीत झकास बसतात. फक्त पडदा आडवा आहे, दोन्ही बाजूंना काळं दिसणार, हे आधी सांगते. संवादांबाबत मात्र मी आग्रही आहे. मुलं पहिल्यांदा लिहितात ते मालिकांसारखं हिंदी. "घरी असं बोलता का?" विचारलं की अर्धं मराठी, अर्धं गुजराती, मधूनच शाळेतलं इंग्रजी असं खरं बडोदा कागदावर उतरतं.

पैशाचं सांगायचं तर घर अजूनही लग्नांवर चालतं. कार्यशाळा आपला खर्च काढतात, कधी थोडं उरतं. प्रत्येक बॅचमध्ये काही जागा बिनफीच्या ठेवतो, त्यांचा भार कधी मंडळ उचलतं, कधी आम्ही. नवरात्रात बॅच ठेवायचीच नाही. त्या नऊ रात्री बडोद्यात गरब्याशिवाय कोणी काही शिकत नाही आणि आमचे दिवे, कॅमेरेही बाहेर कामावर असतात. प्रदर्शन पाहून त्याच पोळीतले पालक पुढच्या बॅचची नावं देतात, त्यामुळे जाहिरातीला पैसा लागत नाही. जुन्या मुलांपैकी दोघी आता मांजलपुरात स्वतः बॅच घेतात. एक जण आमच्याकडेच लग्नांचं एडिटिंग करतो आणि वधूच्या आत्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायला तयार होत नाही, त्यावरून गिऱ्हाइकांशी आमची भांडणं होतात.

माझ्या मुलाचं म्हणणं आहे की अलकापुरीत एसी जागा घ्यावी, रीतसर डिप्लोमा काढावा, बोर्ड लावावा. मला ते पटत नाही. पोळीतून उठून अलकापुरीत गेलो तर पुढच्या रांगेत लारीवाले भाई येतील का? वाद चालू आहे. परवा तिथल्या एका जागेचं भाडं ऐकून आला, तेव्हापासून तो जरा गप्प आहे.