आधी नावं, मग खाजं

19 डिसेंबर, रात्री

आमच्या वाड्यावर एक आजोबा होते. 1961 साली पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात भारतीय सैन्य शिरलं तेव्हा ते आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगात होते. दर मुक्तिदिनाला ते आम्हा पोरांना अंगणात बोलवायचे. खाजाचा पुडा मांडीवर, वरची सुतळी मुद्दाम न सोडलेली. "आधी नावं म्हणा." मग आम्ही एका सुरात म्हणायचो, मेजर शिवदेव सिंग सिद्धू, कॅप्टन विनोद सेहगल. कोणी 'सिद्धू'वर अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. मगच सुतळी सुटायची.

लहानपणी तो खेळ वाटायचा. आज ती नावं आपसूक ओठांवर येतात आणि गळा दाटतो.

तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. 18 डिसेंबरच्या संध्याकाळी 7 कॅव्हलरीचे रणगाडे आणि 2 शीख लाइट इन्फंट्रीचे जवान बेतीला येऊन थांबले. पणजी समोर दिसत होती, पण नदी ओलांडायचा हुकूम नव्हता. तेवढ्यात कळलं की आग्वादला गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे कैदी अडकून पडलेत. त्यांना सोडवायला एक तुकडी निघाली. शरणागतीचा आदेश किल्ल्यावर पोहोचलेला नव्हता, आतून गोळीबार झाला आणि हे दोन्ही अधिकारी तिथेच पडले. 19 तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या पणजीकडे निघाल्या आणि शहर विनाप्रतिकार ताब्यात आलं. त्याच संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. साडेचारशे वर्षांची राजवट संपली. ते दोघे मात्र हे बघायला नव्हते.

त्या कैद्यांशी त्यांचं नातं काय? ना गावचे, ना भाषेचे. आजोबा सुटले, त्यांचं लग्न झालं, नातवंडं झाली, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, शेवटपर्यंत राबले. त्या भरल्या घराकडे बघताना मला नेहमी वाटतं की यातले काही दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे होते.

अंजदीवचं तर आपण नावही घेत नाही. कारवारसमोरचं हे बेट, पण गोव्याच्याच हद्दीतलं. 18 तारखेला आयएनएस त्रिशूल आणि आयएनएस म्हैसूर या नौकांवरून नौसैनिक तिथे उतरले. उघड्या किनाऱ्यावर, समोरून गोळ्या येत असताना. सात जण गेले. वास्कोला आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर त्यांचं स्मारक आहे. मुक्तिदिनाच्या भाषणांत त्या सातांची नावं मोठ्यानं वाचली जावीत असं मला मनापासून वाटतं. फार तर एक मिनिट लागेल. किनाऱ्यावर सुट्टी घालवायला आलेल्यांबद्दल तक्रार नाही, सुट्टी आनंदाचीच आहे. पण पोरांना ती कुणामुळे मिळाली, हे घरात कोणी तरी सांगायला हवं. म्हणून आज मी भाचीला नावं म्हणायला लावली. तीही 'सिद्धू'वर अडखळली. पुन्हा म्हणायला लावलं.

संध्याकाळी शेजारच्या काकींकडे खाजं देऊन आलो. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सध्या लडाखला. ध्वजदिनाला घेतलेला छोटा झेंडा त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय. बोलताना फोन हातातच, स्क्रीन वर करून. तीन दिवस फोन नव्हता, आज दुपारी लागला. आवाज तुटत होता, पण "जेवलीस का?" एवढं नीट ऐकू आलं, म्हणाल्या. तिकडे हाडं गोठवणारी थंडी, आणि चौकशी आईच्या जेवणाची. मला काय बोलावं सुचेना. "आभारी आहे" हे त्यांना तोंडावर कसं म्हणायचं? पण आज म्हटलंच. त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अरे, चहा तरी घे."

त्याला जानेवारीत सुट्टी मंजूर झालीये. दिल्लीहून गाडी, थिवीला उतरणार. काकी रिक्षा सांगून ठेवणार होत्या, मी नको म्हटलं. गाडी कितीही उशिरा येऊ दे, आणायला मीच जाणार आहे.