स्लायगो ते डून वेल: झरे, मास रॉक आणि संत कोलमकिलच्या वाटा

आयर्लंडला येणाऱ्या आपल्या लोकांचा बेत बहुधा ठरलेला असतो: डब्लिन, मोहरचे कडे आणि जमलंच तर स्केलिग मायकेल. स्केलिगवर दिवसाला 180 जणांनाच उतरू देतात आणि समुद्र खवळला की बोट रद्द होते. ते तिकीट मिळालं नाही तर हळहळू नका, सरळ वायव्येला स्लायगो आणि डोनेगलकडे या. पवित्र मानलेले झरे, मास रॉक (उघड्यावर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, जिथे होई ते दगड) आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती मठांच्या खुणा इथे एकाच वाटेवर सापडतात. मुख्य म्हणजे या जागा अजून वापरात आहेत. लोक इथे प्रदक्षिणा घालतात, पाणी नेतात, आजारी माणसासाठी काहीतरी ठेवून जातात. तिथे पाहुण्यासारखं जावं, एवढं पथ्य पाळलं की पुष्कळ पाहायला मिळतं.

आधी व्हिसाचं, कारण इथे बरेच जण अडकतात. शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये येता येत नाही, आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. डब्लिनहून डोनेगलमधल्या लेटरकेनीला जाताना गुगल मॅप्स मोनाहन, ओमा, स्ट्रबेन असा रस्ता सुचवतं. तो उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे युनायटेड किंग्डममधून जातो. सीमेवर नाकं नाही, म्हणून कळतही नाही. पण भारतीय पासपोर्टवर तिथे जायला ब्रिटिश व्हिसा किंवा दोन्ही देशांत चालणाऱ्या योजनेचा शिक्का लागतो. आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्यांनाही हा नियम आहे. म्हणून स्लायगो, बंडोरन, डोनेगल टाउन असा रस्ता धरा. तो पूर्ण प्रजासत्ताकातच राहतो. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून स्लायगोला थेट रेल्वे आहे. त्यापुढे रेल्वे नाही, बस किंवा गाडी.

सातारहून आलेल्या सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे चालणं बेताचं ठेवून आम्ही टोबरनॉल्टपासून सुरुवात केली. स्लायगो शहरापासून गाडीने काही मिनिटांवर, लॉक गिल तलावाच्या काठच्या झाडीत हा झरा आहे. पाणी दगडी कुंडात उमलतं आणि ओहोळ होऊन वाहतं. शेजारीच दगडी वेदी आहे, तोच इथला मास रॉक. 1690 च्या दशकापासून प्रोटेस्टंट राजवटीत कॅथलिकांवर निर्बंध घालणारे एकामागून एक कायदे आले. 1697 च्या कायद्याने बिशप आणि मठवासी धर्मगुरूंना देश सोडायला लावला, 1704 साली उरलेल्या धर्मगुरूंची सरकारदरबारी नोंदणी झाली. ज्यांची नोंद नाही त्यांनी मिस्सा म्हणणं गुन्हा होता. मग लोक डोंगराच्या खोबणीत, झाडीत, शेताच्या कडेला एखाद्या दगडाभोवती जमायचे. जागा अशी निवडायची की राखणीला बसलेल्या माणसाला वाट लांबून दिसावी. अठराव्या शतकाच्या पुढच्या काळात जाच सैल झाला, तरी गरीब भागांत चर्च बांधायला ना पैसा होता ना जमीन. उत्तरेकडे वेदीवर नुसतं छप्पर घातलेल्या, पुढून उघड्या शेडमध्येही मिस्सा होत असे. तिला ‘स्काहलान’ म्हणतात. मास रॉक पाहताना हे माहीत असलेलं बरं, नाहीतर प्रत्येक दगडामागे लपाछपीचीच गोष्ट ऐकू येते.

टोबरनॉल्टच्या दगडावर बोटं रुतावीत असे खळगे आहेत. ते संत पॅट्रिकच्या बोटांचे ठसे, असं लोक मानतात. पाठदुखीवाले त्या दगडाला पाठ टेकवतात. सासूबाईंनीही टेकवली. जवळ जपमाळ ओढत बसलेल्या आजींनी सरकून त्यांना जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ त्या शेजारी बसल्या होत्या. जुलैच्या शेवटच्या रविवारी, गार्लंड संडेला, इथे पहाटेपासून मिस्सा होते. त्या दिवशी गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा.

एन15 रस्त्यावर ड्रमक्लिफला अर्धा तास पुरे. कवी येट्सच्या थडग्यापाशी टूरवाल्यांची गर्दी असते, पण सहाव्या शतकातल्या संत कोलमकिलच्या मठाच्या खुणा आहेत त्या म्हणजे उंच कोरीव क्रूस आणि रस्त्यापलीकडचा गोल मनोऱ्याचा बुंधा. क्रुसावर आदम-हव्वा आणि सिंहांमधला दानिएल सहज ओळखता येतात. किनाऱ्यासमोरच्या इनिशमरी बेटावर संत मोलाशचा मठ आहे. शेवटची माणसं 1948 साली ते बेट सोडून गेली. बोट हवामान बरं असेल तरच सुटते, म्हणून सगळा बेत तिच्यावर बांधू नका.

सगळ्यात जास्त वेळ ग्लेनकोलमकिलला द्या. डोनेगलच्या नैर्ऋत्य टोकाची ही आयरिश बोलणारी दरी आहे. पाट्याही आयरिशमध्येच, म्हणून गावांची आयरिश नावं आधी लिहून घ्या. कोलमकिल म्हणजेच संत कोलंबा. जन्म सुमारे 521 सालचा, 563 मध्ये तो स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला आणि 9 जून 597 ला वारला. त्या तिथीला इथे ‘तुरस’ असतो: दरीत पसरलेली 15 ठाणी, साधारण साडेपाच किलोमीटरची वाट, ठाण्याठाण्यावर सूर्याच्या दिशेने प्रदक्षिणा आणि ठरलेल्या प्रार्थना. जुनी रीत मध्यरात्री अनवाणी निघण्याची आहे.

पहिलं ठाणं चर्चजवळ आहे, आणि ते ख्रिस्ताच्याही कितीतरी आधीचं दगडी थडगं आहे. तिथून थोड्या अंतरावरचा कोरीव खांब नीट पाहा. माणसापेक्षा उंच एकच शिळा, तिच्यावर चौकटी, नागमोडी पट्टे आणि मध्ये क्रूस. ऊन तिरपं असतं तेव्हाच कोरीवकाम उठून दिसतं, भर दुपारी दगड नुसता राखाडी वाटतो. म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. हे खांब कोलमकिलनंतरच्या शतकांतले मानले जातात.

कोलमकिलची विहीर डोंगरउतारावर आहे. वाट दलदलीची, तेव्हा पाणी न शिरणारे बूट हवेतच. विहिरीभोवती दगडांची प्रचंड रास आहे, कारण प्रत्येक यात्रेकरू वर चढताना तीन दगड आणतो आणि प्रदक्षिणेगणिक एक टाकतो. किती पिढ्यांनी ही रास रचली असेल! मी खालच्या वाटेवरून तीन लहान दगड उचलले होते, शेवटचा टाकताना घसा दाटून आला. राशीतला दगड मात्र कुणी आठवण म्हणून खिशात घालू नये. अशा झऱ्यांचं पाणी तपासलेलं नसतं, वर मेंढ्या चरत असतात. डोळ्यांना लावा, पिऊ नका.

इथून गार्टनला गाडीने दीड-दोन तास लागतात. कोलमकिल जिथे जन्मला असं सांगतात, तिथे एक मोठा क्रूस आहे. शेजारच्या ग्लेनव्हे इस्टेटीच्या मालकीण कॉर्नेलिया अडेअर यांनी तो 1911 साली उभारला. त्यांच्या नवऱ्याने, जॉन जॉर्ज अडेअरने, एप्रिल 1861 मध्ये डेरीव्हेतल्या 244 माणसांना घराबाहेर काढलं होतं. जवळच खळगे पडलेली एक शिळा आहे, लेक ना कुहा. परदेशी जाण्याच्या आदल्या रात्री त्या शिळेवर झोपलं की घरची ओढ छळत नाही, अशी समजूत होती. डोनेगलमधून अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघालेली पोरं इथे येऊन झोपत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या मला म्हणाल्या, “मग तू झोपू नकोस बाई.”

डून वेल, म्हणजे डूनची विहीर, तिथून फार लांब नाही. झाकण उचलून पाणी घ्यायचं आणि झाकण परत ठेवायचं. शेजारचं झुडूप चिंध्या, जपमाळा, बाळांचे मोजे, दवाखान्यातले पट्टे यांनी भरलेलं असतं. आपल्याकडे दर्ग्याच्या जाळीला नवसाचे दोरे बांधतात तसंच. कापड कुजतं तसं दुखणं सरतं ही इथली समजूत, त्यामुळे बांधायचंच असेल तर सुती चिंधी बांधा. नायलॉन किंवा प्लास्टिक नको, आणि झाडात नाणी तर अजिबात ठोकू नका. लीश परगण्यातल्या क्लोनेना इथलं असं एक झाड नाण्यांच्या विषानेच मेलं. बांधलेल्या वस्तूंचे जवळून फोटो काढणंही टाळा, प्रत्येकीमागे कुणाचं तरी आजारपण आहे. शेजारच्या डूनच्या खडकावर ओ’डॉनेल सरदारांचा अभिषेक होत असे, असं सांगतात. माथ्यावर चढायला थोडाच वेळ लागतो.

लहान जागा शोधायला राष्ट्रीय स्मारक सेवेचा ऑनलाइन नकाशा वापरा, तो फुकट आहे. त्यात नोंदलेल्या प्रत्येक झऱ्यावर आणि मास रॉकवर ठिपका असतो. पण ठिपका आहे म्हणजे जायची परवानगी आहे असं नाही. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून चालण्याचा सरसकट हक्क नाही. जवळच्या घरी जाऊन विचारा. आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही, उलट वाट दाखवायला लोक बरोबर आले. फाटक जसं होतं तसंच लावा, वळूच्या शेतात शिरू नका. मेटल डिटेक्टर विनापरवाना वापरणं गुन्हा आहे.

गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर 2025 पासून वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे, आणि तेवढाही वेग बऱ्याच वळणांवर जास्तच होतो. शाकाहारींनी सूप मागवताना ते मांसाच्या रश्शात केलंय का ते विचारावं. उन्हाळ्यात वारा पडला की मिजेस, म्हणजे चिलटं, तुटून पडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा. 9 जूनला ग्लेनकोलमकिलला जायचं असेल तर राहायची सोय बरीच आधी करा, कारण दरीत खोल्या मोजक्याच आहेत. काही ठाणी खासगी जमिनीत आहेत, तेव्हा एकट्याने अंधारात वाट शोधण्यापेक्षा गावकऱ्यांच्या मागोमाग चाला. टॉर्च खाली जमिनीकडे धरा, म्हणजे पुढे प्रार्थना करणाऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड जात नाही.