दांडा सोडला तेव्हापासून: ट्रेडमिल आणि अजिंक्यतारा, ३४ आठवड्यांची नोंद

मंडळी, जूनमध्ये कबूल केलं होतं तसे वजन उतरवण्याचे आकडे आज मांडते. ९ जूनला वजन ७८.४ किलो, बेंबीवरून कंबर ३८.५ इंच. २ फेब्रुवारीला वजन ७१.६, कंबर ३५. उंची १५८ सेंटीमीटर, वय ४६, नोकरी शाळेत. म्हणजे दिवसातले चार-पाच तास उभं राहणं असतं, पण चालणं फारसं नाही. सकाळी उठल्यावरची नाडी तेव्हा ८२ होती, आता ७० च्या आसपास असते. दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन केलंय. मधले दोन सोमवार चुकले, ते वहीत कोरेच ठेवलेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न होता की वजन उतरवायला बाहेर चालणं बरं की ट्रेडमिल. ठरवून दोन्ही केलं. साताऱ्यात जूनपासून पावसाची झड लागली की अजिंक्यतारा गडाचा रस्ता शेवाळतो, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि पहाटे एकट्या बाईनं तिकडं जाण्यात अर्थ नाही. म्हणून पावसाळाभर जिममधली ट्रेडमिल आणि दसऱ्यापासून अजिंक्यतारा, अशी विभागणी केली.

पहिले पाच आठवडे फुकट गेले म्हटलं तरी चालेल. आठवड्याला पाच दिवस, रोज ४५ मिनिटं, स्पीड ताशी ५ किलोमीटर, इन्क्लाइन म्हणजे पट्ट्याचा चढ ८ टक्के. घामाघूम होऊन उतरायची. मशीन ४०० च्या वर कॅलरी दाखवायची. वजन मात्र ७८.४ वरून ७७.९. पाच आठवड्यांत अर्धा किलो! जेवणात काही वाढ नव्हती, संध्याकाळचं फरसाणही बंद केलेलं होतं. मी अगदी हिरमुसले होते, वहीत त्या आठवड्यांपुढं नुसत्या फुल्या मारल्यात.

उत्तर मिळालं ते दवाखान्यात. चाळिशी उलटलेली, घरात साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरांनी टीएमटी करून घ्यायला सांगितली. छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चालवतात ती हृदयाची तपासणी. तिचा ठरलेला क्रम आहे, ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, पुढची तीन मिनिटं ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ आणि १४ टक्के. मनात म्हटलं, २.७ म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालण्याचा वेग, रोज पाचनं चालणाऱ्या मला काय कठीण? चालू केल्याबरोबर सवयीनं पुढचा दांडा घट्ट धरला. तर तिथली मुलगी म्हणाली, "काकू, नुसती बोटं टेकवा. लोंबकळलात तर तुमचं वजन दांडा उचलणार, हृदयाला काय काम पडणार?"

बोटं टेकवून चालले आणि आठव्या मिनिटाला "पुरे" म्हटलं. रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. पण घरी येताना डोक्यात तेच एक वाक्य घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये इन्क्लाइन ८, स्पीड ५, आणि हात मोकळे सोडले. दीड मिनिटात पोटऱ्या पेटल्या. आधी दांडा धरल्यावर माझं अंग मागं कललेलं असायचं, जणू रस्सीखेच चाललीय. पट्टा चढाचा, पण शरीर पट्ट्याशी काटकोनात, म्हणजे पायांना जवळजवळ सपाटीच. हात सोडल्यावर अंग घोट्यापासून पुढं झुकलं, टाच पूर्ण टेकेना, मांडीमागचे स्नायू खेचले जाऊ लागले. समोरच्या आरशात स्वतःकडं पाहिलं तर गड चढणाऱ्या बाईसारखी दिसत होते. स्पीड उतरवत उतरवत ४.२ वर आणला तेव्हा कुठं श्वास सांभाळता आला.

इथं थोडं गणित करू, कारण आपल्यापैकी निम्मी मंडळी अजून स्पीडच्याच मागं आहेत. चालताना लागणाऱ्या प्राणवायूचं एक सूत्र व्यायामशास्त्रात सर्रास वापरतात. मिनिटाला जितके मीटर चालता त्याचा दहावा भाग, अधिक त्याच मीटरांना १.८ नं आणि चढानं (८ टक्के म्हणजे ०.०८) गुणून येणारा आकडा, अधिक बसल्या जागी लागणारे ३.५. उत्तर येतं दर किलो वजनामागे मिनिटाला लागणारे मिलिलिटर. ताशी ५ किलोमीटर, सपाट: ११.८. तोच वेग, ८ टक्के चढ: २३.८. म्हणजे बरोबर दुप्पट. ४.२ च्या वेगाला आणि ८ टक्के चढाला २०.६ येतात. वेग कमी करूनही सपाटीवरच्या पाचपेक्षा पावणेदोन पट काम. लिटरभर प्राणवायूमागे ५ कॅलरी धरल्या तर माझ्या ७८ किलोला ते मिनिटाला ८ कॅलरी पडतं, ४५ मिनिटांचे ३६०. त्यातल्या ६० तर मी खुर्चीत बसूनही जाळल्या असत्या, म्हणजे खरी कमाई ३००. हे सूत्र हात मोकळे असतील तरच लागू पडतं. आणि जिममधल्या त्या मशीननं मला एकदाही वजन विचारलं नव्हतं, मग तिचे चारशे कुणाचे होते?

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, ११ आठवडे, ७७.९ वरून ७४.८. मशीन तेच, वेळ तीच. जेवणात एवढाच बदल की रात्रीचा भात अर्धी वाटी केला. तीन किलोंतला काही वाटा भाताला द्यायलाच हवा, पण मोठा वाटा मोकळ्या हातांचा आहे असं मी ठामपणे सांगते.

एक मात्र सांभाळा. हात सोडायचे तर सेफ्टी कीची, म्हणजे ओढली गेली की मशीन बंद करणाऱ्या दोरीच्या किल्लीची, क्लिप कपड्याला लावा. ऑगस्टमध्ये एकदा पट्टा मध्येच झटका देऊन थांबला आणि परत सुरू झाला. क्लिप लावलेली होती म्हणून मशीन बंद पडलं, नाहीतर गुडघे फुटले असते. सांगूनही आठवडाभर ते मशीन तसंच ठेवलं होतं. मी बाजूच्या मशीनवर गेले. ओढणी घेऊन चालणाऱ्या मैत्रिणींनी तर ओढणी घरीच ठेवावी.

आता गड. दसऱ्याच्या दिवशी थोरल्या जाऊबाईंबरोबर सुरुवात केली. घरापासून अदालतवाड्यावरून वर, डांबरी रस्त्यानं महादरवाज्यापर्यंत साधारण ३ किलोमीटर, आणि घड्याळात चढ २०० मीटर. सरासरी काढली तर ६-७ टक्के, म्हणजे माझ्या ट्रेडमिलपेक्षा कमी. पण गडाला सरासरी कळत नाही. एखाद्या वळणाला सरळ अंगावर येणारा चढ, मग शंभर पावलं विसावा, मग पुन्हा चढ. पहिल्या दिवशी वर पोचायला ५३ मिनिटं लागली, जानेवारीत ४१.

जाऊबाई वयानं मोठ्या, पण माझ्यापुढं. मी गप्प झाले की वळून म्हणायच्या, "अगं, बोल की जरा. बोलता येतंय तोवर चढता येतंय." नाडी मोजायचं घड्याळ हातात असूनही मी शेवटी याच मापावर आले. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग वाढवायचा, दोन शब्दांत धाप लागली तर कमी करायचा.

वर्षाखेरीस एका सकाळी महादरवाज्याच्या अलीकडच्या वळणावर वारा असा आला की मानेवरचा घाम एका क्षणात गार झाला. खाली सगळं शहर धुक्यात, पलीकडं यवतेश्वराचा डोंगर नुसता माथ्यापुरता वर आलेला, लांब सज्जनगड. जाऊबाई दरवाज्याच्या दगडाला पाठ टेकून उभ्या होत्या, तोंडातून वाफ निघत होती. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. खाली आल्यावर घड्याळ पाहिलं तर दीड तास झाला होता. ट्रेडमिलवर मी पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढं कधी एक मिनिट थांबले नाही, उलट चाळिसाव्यापासून सेकंद मोजायचे.

हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर मिनिटामागे ट्रेडमिल पुढं आहे. तिथं ४५ च्या ४५ मिनिटं चढाची असतात. गडावर निम्मी वाट उताराची, आणि उतरताना सपाटीपेक्षाही कमी जळतं. वरच्याच सूत्रानं माझ्या ७४ किलोला चढण्याचे २४५ च्या आसपास येतात, आणि उतरण्याचे थोडे. दीड तासाला मिळतात ट्रेडमिलच्या पाऊण तासाइतकेच. ज्यांना सकाळी पाऊण तासच मिळतो त्यांनी मन न मारता मशीन निवडावं.

पण उतार वाया जात नाही, हे गडानं लगेचच शिकवलं. मशीनवर चार महिने घाम गाळलेल्या माझ्या मांड्या दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी इतक्या दुखल्या की शाळेचा जिना आडव्या पावलांनी उतरले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, शरीराला ब्रेक लावतात. आमच्या जिममधल्या मशीनला नुसता चढ आहे, उतार नाही, त्यामुळं हे काम त्यांना कधी मिळालंच नव्हतं. दोन आठवड्यांत दुखणं थांबलं. गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी मात्र उतार जपून करावा. लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, आणि हातात एक काठी. मीही काठी घेते.

गडाची एक अडचण आहे ती भुकेची. ट्रेडमिलवरून मी थेट घरी, आंघोळ आणि शाळा. गडावरून उतरलं की सोबत असते, गार हवेत पोटात कावळे ओरडत असतात आणि राजवाड्यापाशी तळणाचा वास येतो. एका वडापावात जवळपास ३०० कॅलरी, म्हणजे सगळा चढ आणि वर थोडं. ऑक्टोबरात आम्ही आठवड्यातून तीनदा तिथं थांबलो, त्यात दिवाळी आली, आणि ७४.८ चे ७५.६ झाले. चालण्यात एक दिवसही खाडा नव्हता! नोव्हेंबरपासून निघताना घरूनच खिशात मूठभर फुटाणे आणि दोन खजूर घेतो, महादरवाज्यापाशी बसून खातो. डिसेंबरअखेर ७३.

जानेवारीत दोन्ही एकत्र केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ट्रेडमिल, हात मोकळे, स्पीड ४.५ आणि इन्क्लाइन ९. मंगळवारी आराम. गुरुवारी आणि रविवारी गड, उजाडल्यावर. शनिवारी जमलं तर सपाट रस्त्यावर फेरफटका. गडावर बिबट्या दिसल्याची कुजबुज झाली की तो दिवस मुकाट्यानं जिमचा. साताऱ्यात हे अधूनमधून होतंच, तिथं शौर्य दाखवू नये. या महिन्यात ७३ वरून ७१.६, सगळ्या ३४ आठवड्यांतला सगळ्यात चांगला महिना. मशीन कमाई करून देते आणि रविवारचा गड पुढच्या सोमवारी मशीनवर उभं राहायची इच्छा देतो, माझ्यापुरतं तरी असंच घडलंय.

आपल्यातल्या ज्यांचं वजन मशीनवर अडकलंय त्यांनी एवढी एक गोष्ट करून पाहा. उद्या नेहमीचंच इन्क्लाइन ठेवा, हात सोडा, आणि स्पीड किती खाली आणावा लागतो तो आकडा मला कळवा. माझा ५ वरून ४.२ आला होता. ज्यांचा बदलणारच नाही, त्यांचं कोडं वेगळं आहे, त्यांनी आठवडाभर खाल्लेलं लिहून काढावं.

पुढचा बेत यवतेश्वरच्या घाटाचा. हिल मॅरेथॉनची मंडळी त्या घाटात धावत सराव करतात, आम्ही दोघी चालत जाणार. येत्या रविवारी पहिली फेरी, अर्ध्या घाटापर्यंतच. जाऊबाईंनी नवीन बूट घेतलेत आणि ते पायात रुळावेत म्हणून कालपासून घरातही घालून फिरतायत. आकडे होळीनंतर टाकते.