अर्धी पोळी, तुपासकट

"काल अर्धी पोळी खाल्ली तिनं. तुपासकट!"

वरच्या मजल्यावरच्या ताई जिन्यात थांबून सांगत होत्या. लेक बोर्डात आल्यासारखा चेहरा. हातात मंडईतून आणलेली पिशवी, वर मटारच्या शेंगा. मी "अरे वा!" म्हटलं आणि पुढे काही सुचेचना.

लेकीला अ‍ॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणंच तोडायला लावणारा मानसिक आजार. (ताईंना विचारूनच लिहितेय.) जेवणाची सूत्रं काही काळ आईबापांनी हातात घ्यायची, अशी एक उपचारपद्धत आहे. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात १९८०च्या दशकात ती आकाराला आली. ऐकायला सोपी. इथे शनिवार पेठेत ताई ताट वाढून लेकीसमोर बसतात, कधी तास, कधी दीड तास.

"ती ताटावर रडते. मी नंतर, बाथरूमचा नळ सोडून."

गणपतीत याच मुलीला मी म्हणाले होते, "काय मस्त बारीक झालीस गं! करतेस तरी काय?" ती नुसती हसली होती. ते हसू दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

आमच्या वाड्यात, सॉरी, सोसायटीत, कुणाला डेंग्यू झाला की दारात डब्यांची रांग लागते. या घरी मात्र कुणी गेलं नाही. मीही नाही.

टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला, मराठीत बोलतात म्हटलं. त्यांनी सेव्ह केला. मग विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?"

त्यांना आठवावं लागलं.

उद्या डबा नेतेय, त्यांच्यासाठी. भरली वांगी आवडत असतील का हो त्यांना?