मुद्दाम आहे का?

मंगळवार, रात्री साडेबारा

"सर, इथे लूप मधूनच रिटर्न होतोय, ते मुद्दाम आहे का?"

सकाळी टीममधल्या ज्युनिअर मुलीचा आलेला एवढाच मेसेज, पण दिवसभर डोक्यातून जात नाही. तिनं अगदी अदबीनं विचारलंय. सरांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं तिला खरंच वाटलंय. तेच जास्त लागतंय.

कोडमधली ती ओळ माझीच, 2021 मधली. अण्णा दवाखान्यात होते त्या आठवड्यातली. ते असो.

येणाऱ्या रिक्वेस्टची सही खरी की खोटी, हे तपासणारं फंक्शन. त्यासाठी लायब्ररीत एचमॅक.इक्वल तयार होतं, सही कुठेही चुकली तरी तेवढाच वेळ घेणारं. मी चार ओळींचा लूप लिहिला, सहीचा एकेक बाइट क्रमानं ताडणारा: बाइट जुळला नाही की लगेच रिटर्न फॉल्स, म्हणजे नकार. उत्तर बरोबरच येतं. पण नकार किती वेळानं आला, यावरून बाहेरच्याला कळू शकतं की सही कुठवर जुळली होती. 32 बाइट, प्रत्येकाच्या 256 शक्यता. सगळे एकदम ओळखणं कुणाला शक्य नाही. एकेक करून ओळखायचे तर जास्तीत जास्त 8,192 अंदाज. नेटवर्कच्या गोंधळात फरक मोजायला प्रत्येक अंदाज पुन्हा पुन्हा पाठवावा लागेल, हे खरं. पण जमतं.

वेळेवरून गुपित फुटतं हे पॉल कोचर या क्रिप्टोग्राफरनं 1996 मध्ये दाखवलं. 2009 मध्ये गूगलच्या कीझार या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत हीच चूक निघाली. हे दोन्ही मी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. तिलाही मीच शिकवलं.

लॉग, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदी, 90 दिवसांचे असतात. सगळे चाळले, काही नाही. पण त्याआधीचं काय? कुणी आलं होतं का, हे आता कधीच कळणार नाही. या कामात चोरी झाली तरी कुलूप शाबूतच दिसतं. बारा वर्षं घातली यात. नीट केलेलं कुणाला दिसलं नाही आणि जे चुकलं तेही नाही. मलासुद्धा नाही.

संध्याकाळी आईजवळ बसलो होतो. विड्या वळणं सोडून सहा वर्षं झाली तरी तिचा अंगठा अजून तर्जनीवर फिरत असतो, पान नसताना. त्यावरून विडी कारखान्याच्या ब्रँचची खिडकी आठवली, वळलेल्या विड्या तपासून घ्यायचे ती. मी आठ वर्षांचा असेन, तिचा पदर धरून उभा. चेकरनं बंडल लगेच फेकलं तर खोट वरच्याच विडीत. थोडं थांबून फेकलं तर आतली. मी वेळेवरूनच ओळखायचो आणि आईला सांगायचो, "आतली बघ गं."

आठव्या वर्षी मला हे कळत होतं!

छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की त्या दिवसाची मजुरी कापली जायची. आई खिडकीपाशी एक शब्द बोलायची नाही. घरी येऊन सूप मांडीवर घ्यायची आणि तेवढ्या विड्या जास्त वळायची. कुणाचं चुकलं, यावर घरात कधी बोलणं झालं नाही. पानं भिजवलेली असायची, ती वाळायच्या आत संपवायची असायची.

"जेवून घे की आता," आत्ता तिसऱ्यांदा म्हणाली.

लूप काढला. एचमॅक.इक्वल घातलं. सहीसाठीच्या सगळ्या गुप्त की बदलायच्या म्हणून टीमला लिहिलं, कारणासकट, माझ्या नावासकट. मग तिला उत्तर दिलं: "मुद्दाम नाही. चूक आहे, माझी. बरं झालं विचारलंस."

पहाटे नळाला पाणी येणार आहे. आईनं घागरी दारात मांडून ठेवल्यात.