घारापुरी, पण पायी

रविवारी घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, जाणार म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला. बरोबरच होतं. गेटवेला लाँचसाठी रांग, जेट्टीवर टॉय ट्रेनसाठी रांग, आणि पायऱ्यांवर तर मुंगीला शिरायला जागा नाही. ताडपत्रीखाली दुतर्फा माळा, टोप्या, दगडी हत्ती. (ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं तो इथला मूळ दगडी हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे!) लेण्यातल्या वीसेक फुटांच्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर सेल्फीवाल्यांची झुंबड. देवाचे डोळे मिटलेले आहेत ते बरंय.

पण लेण्यांकडून तोफांच्या टेकडीची वाट धरली आणि गर्दी अशी गळाली की विचारू नका. वाटेवर सुकलेली पानं, घामाने चिकटलेला शर्ट. एका माकडाने माझ्यासमोर कोणाच्या तरी सरबताच्या बाटलीचं झाकण फिरवून उघडलं, दोन घोट प्यालं आणि बाटली खाली टाकली. अगदी आपल्यासारखं! वर ब्रिटिशांच्या काळातली अजस्र तोफ, समोर बंदरात उभी जहाजं.

कैऱ्या विकणाऱ्या मावशींना विचारलं, "बेटावरच्या मोराबंदर गावाला चालत जाता येईल?"

"जाल की. पण पाणी घ्या सोबत. आणि शेवटची लाँच चुकवू नका, हां."

या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 मध्ये. लेणी जागतिक वारसा झाली 1987 मध्ये. मधली एकतीस वर्षं गावकऱ्यांनी जनरेटरवर काढली, तीही समोर मुंबई लखलखत असताना.

मोराबंदर राहिलंच. कोणी येतंय का पुढच्या वेळी? सोमवार सोडून सांगा, लेणी बंद असतात.